म्हातारचळ आणि विरक्ती

गणपतीचं विसर्जन झालं की चार-पाच दिवस माझ्या दवाखान्यात वेगळीच गर्दी असते. मुंबईहून आलेले चाकरमानी परतीची गाडी पकडण्याआधी आईला नाहीतर वडिलांना घेऊन येतात. एरवी वर्षभर म्हातारी माणसं एकटीच येतात, एसटीनं किंवा सहा आसनी रिक्षानं, गुडघे आणि खोकला घेऊन. या दिवसांत मात्र शेजारी मुलगा बसलेला असतो आणि बोलतो तोच. ‘‘बाई, आईचं कायतरी बिघडलंय. फोनवर तर नीट बोलायची.’’

फोनवर नीट बोलायची, हे खरंच असतं. फोनवरचं बोलणं ठरलेलं. ‘‘तू जेवलंस मां? पोरां बरी आसत मां? पाऊस आसा थंय?’’ वर्षानुवर्षं रोज म्हटलेली ही वाक्यं जिभेवर बसलेली असतात, त्यांना आठवणीचा आधार लागत नाही. पलीकडून मुलगाही लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या तेवढीच उत्तरं देतो. दोन मिनिटांत फोन बंद. आई बरी आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना त्यांच्या सुनेनं आणलं होतं. चतुर्थीच्या सकाळी घरात काय झालं ते तिनं सांगितलं. उकड मळून झाली होती, सारण तयार होतं, परातीभोवती घरातल्या चार-पाच जणी बसल्या होत्या. पन्नास वर्षं ज्यांचा मोदक वाडीतल्या बायकांनी बघत राहावं असा, त्या बाई पारी तळहातावर घेऊन थांबल्या. आता यात सारण भरायचं, हे त्यांना सुचेना. त्यांनी पारी मोडली, पुन्हा गोळा केला, पुन्हा पारी केली, पुन्हा थांबल्या. हाताला सगळं येत होतं, फक्त पुढची पायरी हरवली होती. तिसऱ्या वेळेला कुणीतरी हसलं. थोरली जाऊ म्हणाली, ‘‘वय झाला तिचा, दुसरा काय?’’ बाकीच्यांनी माना हलवल्या, परात सरकवून घेतली आणि मोदक वळून टाकले.

या पुस्तकाचा विषय त्या ‘दुसरा काय?’मध्ये आहे.

लेखिका आमच्याच भागात आरोग्यसेविका म्हणून फिरलेली. लसीकरणासाठी, गरोदर बायांच्या नोंदीसाठी घरोघर जाताना पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांशी ती बोलत गेली आणि तिच्या वह्यांमधून हे पुस्तक झालं. घरात राहणाऱ्या वृद्धांचे दोन आजार तिनं घेतले आहेत: स्मृतिभ्रंश, ज्याला आम्ही डॉक्टर डिमेन्शिया म्हणतो, आणि नैराश्य. तिनं प्रस्तावना मागितली तेव्हा मला जरा अवघड वाटलं. तिच्या वह्यांमधली निम्मी माणसं माझ्याकडे येऊन गेलेली होती. मी त्यांचा रक्तदाब मोजला होता, गुडघ्याच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिनं पडवीत दहा मिनिटांत जे पाहिलं, ते मला टेबलापलीकडून कित्येक वर्षं दिसलं नव्हतं.

का दिसत नाही, याचं माझं उत्तर असं की या दोन्ही आजारांना आपल्या भाषेत आधीपासूनच नावं आहेत, आणि ती आजाराची नावं नाहीत. स्मृतिभ्रंश झालेला माणूस वागतो त्याला आपण म्हातारचळ म्हणतो. ‘साठी बुद्धी नाठी’ तर तयारच आहे; माणूस साठीचा झाला की ती म्हण जणू पेन्शनच्या कागदांबरोबर त्याच्या हातात पडते. चळ म्हटलं की हसायला मोकळीक मिळते आणि चिडायलाही. नैराश्याचं याहून अवघड आहे, कारण त्याला आपण चक्क मान देतो. म्हातारा माणूस कशात लक्ष घालेनासा झाला, जेवण निम्म्यावर आलं, कुठं जाईनासा झाला, की आपण म्हणतो, आता ते विरक्त झाले. घरात कुणाला काळजी वाटण्याऐवजी थोडा आदरच वाटतो.

विरक्तीवरून एक गुरुजी आठवतात. प्राथमिक शाळेत उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतर रोज दुपारी ओटीवर बसून वर्तमानपत्र वाचायचे ते लाल पेन हातात घेऊन. ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक गोल करायची, समासात शुद्ध रूप लिहायचं, महिन्याचा गठ्ठा रद्दीत जाण्याआधी एकूण चुका मोजायच्या. कुणासाठी? कुणासाठीच नाही. भजनात पेटी वाजवायचे, ग्रामपंचायतीच्या सभेत उठून नियम सांगायचे. पत्नी होती, दोन्ही मुलं ठाण्याला. मग त्यांनी पेटी एका पोराला देऊन टाकली. ‘‘मन काढून घेतलंय सगळ्यातून,’’ म्हणाले. गावाला ते फार शोभून दिसलं.

माझ्याकडे ते यायचे गॅससाठी. छातीत भरून येतं, डोक्यात मुंग्या येतात, हातापायांत त्राण नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, ईसीजी काढला, ताकदीची इंजेक्शनं दिली, शेवटी झोपेची गोळी सुरू केली. चौदा महिने असं चाललं. एकदा त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या, गोळ्या न्यायला. जाताजाता दारात थांबून म्हणाल्या, ‘‘बाई, ते पेपरात खुणा करत नाहीत आता. पेपर नुसता धरून बसतात.’’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही माझ्या हुशारीनं पडला असं म्हणता येणार नाही.

पुढच्या वेळी मी गुरुजींना सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का? असं विचारलं तर नसलेला विचार माणसाच्या डोक्यात जाईल, ही भीती खोटी आहे. विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गोळी सुरू केली, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, झोपेची गोळी हळूहळू बंद केली. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या शरीरात कधी त्याहून जास्त. तेवढे दिवस धीर धरायला लावणं हेच अर्धं काम असतं. तीनेक महिन्यांनी ते तपासणीला आले. मी लिहून दिलेल्या चिठ्ठीत ‘तपासणि’ असं पडलं होतं. त्यांनी खिशातून पेन काढून ते दुरुस्त केलं. पेन निळं होतं, पण माझं काम भागलं.

खरी विरक्ती नसतेच असं मी म्हणत नाही. खरा विरक्त माणूस पेटी देताना कुणाला द्यायची याचा विचार करतो, दिल्यावर पोर वाजवतं कसं ते ऐकायला जातो. त्याला पेज गोड लागते. नैराश्यातल्या माणसाला पेजेची चव लागत नाही, आणि आपण सगळ्यांना भार झालो आहोत, आपल्या हातून आयुष्यभर चुकाच झाल्या, अशी टोचणी त्याला लागून राहिलेली असते. त्यानं मन काढून घेतलेलं नसतं. त्याचं मन त्याला सापडत नसतं.

आता थोडे आकडे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं परदेशी विद्यापीठांच्या सहकार्यानं देशभर वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, ‘लासी’ या नावानं तो ओळखला जातो. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या ७२ हजारांवर लोकांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. साठीपुढच्या लोकांना नैराश्याचं निदान कुणी केलं आहे का, असं विचारलं तेव्हा ०.८ टक्के लोक हो म्हणाले. त्याच लोकांना लक्षणांबद्दल ठरावीक प्रश्न विचारले तेव्हा तीव्र नैराश्याची शक्यता ८.३ टक्क्यांत निघाली. म्हणजे दहातल्या नऊ जणांना आपल्याला काय झालं आहे ते कुणी सांगितलेलंच नाही. ते नऊ जण कुठे असतात, हे मला आता ठाऊक आहे. ते माझ्यासारख्यांच्या बाकावर गॅसची गोळी घ्यायला बसलेले असतात.

स्मृतिभ्रंशाचा अंदाज त्याच अभ्यासाच्या एका शाखेतून आला, २०२३ मध्ये: साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. मला धक्का बसला तो या शेवटच्या गोष्टीचा. स्मृतिभ्रंश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला, शिकलेला म्हातारा येतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटातले संस्कृतचे प्राध्यापक येतात, स्वतःच मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या मोहन आगाशे यांनी केलेले. तो चित्रपट मोठा आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण शिकलेल्या माणसाचं विसरणं लवकर दिसतं. श्लोक अडला की घर दचकतं. ज्या बाईनं आयुष्यभर लावणी, कापणी, गोठा आणि चूल केली, तिचं काय अडलं हे बघायला कुणी बसलेलं नसतं. आणि शाळेचं तोंड न पाहणं हाच या आजाराचा एक धोका मानला जातो. ज्या पिढीत मुलींना शाळेत घातलं नाही, त्या पिढीच्या बायका आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

निदानाचाही घोळ इथंच होतो. परदेशात घडलेल्या चाचण्यांत शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहून दाखवा, असले प्रश्न असतात. लेखिकेनं एक प्रसंग दिला आहे. एका आजींना तालुक्याच्या शिबिरात तारीख विचारली. त्यांना सांगता येईना, चाचणीत शून्य पडलं. बाहेर आल्यावर आजी तिला म्हणाल्या, ‘‘ती काय इचारी होती? आज एकादस, माझो उपास.’’ हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांना हीच अडचण आली होती, तेव्हा त्यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्यांना झेपेल अशी हिंदी चाचणी बसवली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे असं दिसलं की माणसाची परीक्षा घेण्याबरोबर घरच्या माणसालाही नीट विचारलं, तर अक्षर न येण्याची शिक्षा रुग्णाला भोगावी लागत नाही. आमच्याकडे मी विचारते: माशांचा हिशेब करून उरलेले पैसे बरोबर घेतात का? आमटीत मीठ दोनदा पडतं का? सड्यावरून घरी यायची वाट चुकल्या का? विसरणं सगळ्यांचंच होतं. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, हे वय. चष्मा हातात घेऊन हे काय असतं असं विचारलं, तर ते वय नव्हे.

आमच्या जिल्ह्यातली माणसं मोठं दुखणं आलं की मुंबईपेक्षा गोव्याला जातात, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात. त्यामुळे या विषयातलं बरंचसं कळीचं काम गोव्यात झालं, ही गोष्ट मला परक्याची वाटत नाही. १९९८ मध्ये काही देशांतल्या संशोधकांनी मिळून एक गट केला आणि त्याला नाव दिलं ‘१०/६६’. जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि लोकसंख्येत फिरून केलेल्या संशोधनातला जेमतेम १० टक्के वाटा त्यांच्यासाठी, असा त्याचा अर्थ. त्यातले मार्टिन प्रिन्स आणि गोव्यात काम करणारे विक्रम पटेल यांचा २००१ मधला लेख मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते. त्यांनी गोव्यात लोकांना गटागटानं बसवलं आणि नैराश्य किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाचं वर्णन ऐकवून विचारलं, असं कुणी तुमच्या माहितीत आहे का? सगळे म्हणाले, आहे की. दोन्ही प्रकारची माणसं सगळ्यांच्या ओळखीची होती. पण हा आजार आहे असं मात्र कुणाला वाटत नव्हतं. विसरणं म्हणजे म्हातारपण, आणि दोन्हींचं कारण एकच: मुलं बघत नाहीत, माया लावत नाहीत.

त्या लेखात दोन गोष्टी आहेत ज्या वाचून मी खुर्चीत सावरून बसले होते. एक, प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाचे रुग्ण क्वचितच दिसत होते, पण गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविका ते सहज ओळखत होत्या. नैराश्याचे रुग्ण डॉक्टरांकडे भरपूर येत होते, निदान मात्र फारसं होत नव्हतं. माझे चौदा महिने आणि लेखिकेची दहा मिनिटं यांचा हिशेब तिथं आधीच मांडून ठेवलेला होता. दुसरी गोष्ट कुटुंबाची. आपल्याकडे घर म्हाताऱ्यांना सांभाळतं, हा आपला लाडका समज. तो सांभाळ जितका सांगितला जातो तितका भरवशाचा नाही, आणि पुष्कळदा घर-जमीन आपल्या नावावर होईल या आशेवर बेतलेला असतो, असं त्या चर्चांमधून निघालं. कोकणात सातबारावर अठरा नावं असलेल्या घरात मी वाढले आहे. मला आश्चर्य वाटलं नाही, कुणीतरी छापून टाकलं याचं मात्र वाटलं.

आणि तरीही मुलांच्या मायेचं कारण अर्धवटच खरं आहे. ते मानल्यानं दोन नुकसानं होतात. ज्या घरात माणसं जिवापाड करतात, तिथं मुलगा आणि सून गुन्हेगार ठरतात, आणि आजार झाकला जातो. शेजारी विचारतील, काय कमी केलंत आईला? त्यापेक्षा सांगायचंच नाही. मेंदूत पेशी मरत चालल्या आहेत, ते मायेनं थांबत नाही. मायेनं दिवस सुसह्य होतो, ते वेगळं.

सुनेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुस्तकाचं सर्वांत चांगलं प्रकरण तिच्यावर आहे. स्मृतिभ्रंशात वस्तू कुठं ठेवली याची आठवण पुसली जाते, पण ठेवली होती ही खात्री राहते. मग वस्तू नाही म्हणजे कुणीतरी नेली, आणि घरात दिवसभर समोर असतं ते कोण? ‘‘माझी पाटली खय गेली? हिनाच न्हेली.’’ तांदळाच्या डब्यात पाटली सापडते, पण तोवर सूनबाई वाडीत चोर झालेली असते. भरीला, ‘‘ही माका जेवक घालणा नाय,’’ हे जेवून हात धुतल्यावर अर्ध्या तासात. येणारा-जाणारा ऐकतो, मुंबईची नणंद फोनवर ऐकते. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत ज्या बाईची हकिकत मांडली, तिच्या आजाराची सुरुवातही संशयापासून झाली होती; ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती. तेव्हापासून या आजाराची ओळखच अशी आहे, की तो पहिला घाव जवळच्यावर घालतो. आमच्याकडे जवळची म्हणजे सून. सासू-सुनेचं भांडण हा आपला राष्ट्रीय करमणुकीचा विषय असल्यामुळे त्यात कुणाला आजार दिसत नाही.

लेखिकेचा सल्ला साधा आहे. वाद घालू नका, पुरावा दाखवू नका, ‘‘चला, आपण दोघी शोधू,’’ म्हणा. मी यात एवढीच भर घालीन, की हे सुनेला शिकवण्याआधी तिच्या नवऱ्याला आणि नणंदेला शिकवा.

मोदकांच्या त्या घरात पुढच्या वर्षी सुनेनं स्वतःहून एक युक्ती केली. पाऱ्या तिनं केल्या, सारण तिनं भरलं आणि भरलेली पारी सासूच्या तळहातावर ठेवली. बोटांनी कळ्या काढायला सुरुवात केली. पायऱ्या चारच्या ठिकाणी एक उरली की हात चालतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

असल्या युक्त्या शिकवता येतात, आणि त्यासाठी मोठ्या पदव्या लागत नाहीत, हेही गोव्यातच तपासून पाहिलं गेलं. २००८ मध्ये अमित डायस आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. थोडंफार प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जात, आजार समजावून सांगत, सांभाळणाऱ्याचं ऐकून घेत. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. नैराश्याबाबत त्यांचंच पुढचं काम २०१९ चं. साठीपुढच्या, थोडी लक्षणं असलेल्या पण अजून पूर्ण आजारी न पडलेल्या १८१ जणांपैकी निम्म्यांना साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी भेटून रोजच्या अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेहासारखी दुखणी कशी सांभाळायची, सरकारी मदत कुठून मिळवायची हे शिकवलं. वर्षभरात त्यांच्यात तीव्र नैराश्य आलं ४.४ टक्क्यांना, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत १४.४ टक्क्यांना. ‘सरकारी मदत कुठून मिळवायची’ हा नैराश्याच्या उपचाराचा भाग असू शकतो, हे मला वैद्यकीच्या कुठल्याच वर्षी कुणी शिकवलं नव्हतं.

जाता जाता एक. २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हा खर्चावरून बरीच टीका झाली. माझ्या दोन पेशंट आजी तेव्हापासून आठवड्यातून एकदा बाजाराला जातात, काही न घेता परत येतात. अशा फेरीचं मोल मला औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

हे दोन आजार वेगवेगळे सांगितले तरी घरात ते गुंतलेले येतात. नैराश्यातला म्हातारा इतका मंदावतो, की त्याला स्मृतिभ्रंश झाला असंच वाटतं. स्मृतिभ्रंश सुरू होताना ज्याला आपलं काहीतरी सुटत चाललं आहे हे कळतं, त्याला नैराश्य येतं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी जी १४ कारणं मोजली, त्यांत नैराश्य आहे, एकटेपण आहे, आणि ऐकू न येणंही आहे. सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतात, असा त्यांचा अंदाज. ओळखायची माझी कामचलाऊ खूण अशी: प्रश्न विचारल्यावर नैराश्यातला माणूस ‘‘नाही येत, विचारू नका,’’ म्हणतो आणि आपल्या विसरण्याची तक्रार स्वतः करतो. स्मृतिभ्रंशातला तक्रार करत नाही. तो उत्तर बनवतो, हसून वेळ मारून नेतो, शेजारच्या मुलाकडे बघून म्हणतो, ‘‘ह्येका इचारा.’’ खूण कामचलाऊ आहे; पुस्तकातली सविस्तर यादी तिच्याहून बरी.

आणि एक तिसरं, ज्यात वेळ दवडायचा नसतो. काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस एकदम बरळायला लागला, रात्री उठून भलत्याच माणसांशी बोलू लागला, तर त्याला म्हातारचळही म्हणू नका आणि स्मृतिभ्रंशही. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, न्यूमोनिया, चुकीचं औषध, पडल्यानंतर डोक्यात साकळलेलं रक्त, यांतलं काहीही असू शकतं आणि ते त्याच दिवशी बघावं लागतं. सावकाश आलेल्या विसराळूपणातही थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासावंच. बी-१२ची सुई स्वस्त आहे, आणि तिनं कधीकधी माणूस परत मिळतो.

कायद्यांचं प्रकरण कोरडं आहे, पण सोडू नका. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा पुष्कळांना ऐकून माहीत असतो. सांभाळण्याची अट घालून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते, हे त्यातलं कलम मात्र माहीत नसतं, आणि आमच्याकडे तेच लागतं. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा, असे दोन फुकट क्रमांक लेखिकेनं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी छापले आहेत. एकदा छापले असते तर पुरे झालं असतं, असं मी म्हटलं होतं. तिचं म्हणणं, लोक पुस्तक कुठंही उघडतात. तिचं बरोबर आहे.

मुंबईला नेण्याबद्दल मात्र माझं आणि तिचं एकमत झालेलं नाही. तिच्या मते आजार कळला की मुलांनी आईला आपल्याकडे न्यावं. मी पाहिलेलं वेगळं आहे. इथं न्हाणीघर कुठं, विहीर कुठं, हे पायांना माहीत असतं. वाट चुकली तर शेताच्या बांधावरचा कुणीही हाताला धरून घरी आणून सोडतो. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर, जिथं सगळी दारं सारखी, तिथं पहिल्याच रात्री ती घाबरून दार वाजवत बसते, आणि मुलगा-सून सकाळी सव्वासातच्या लोकलला. पण इथं ठेवायचं तर इथं कुणी हवं, आणि वाड्याच्या वाड्या कुलूपबंद होत चालल्यात हे तिचं उत्तर मला खोडता येत नाही. वाचणाऱ्यांनी आपापलं घर बघून ठरवावं.

पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी ठेवली आहेत, औषधांची नावं लिहायला. ती भरा. डोळ्याचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, मुंबईचा डॉक्टर आणि मी, चौघांनी दिलेल्या गोळ्या एकमेकांना ठाऊक नसतात, आणि त्यांतली एखादी झोपेची किंवा सर्दीची गोळीच डोकं जड करत असते. लिहिणं जमत नसेल तर घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून घेऊन या, रिकाम्या पाकिटांसकट. आणि रोज घरात असतं त्या माणसाला बरोबर आणा. मुंबईहून आलेला मुलगा बाहेर बसला तरी चालेल.